निकामी म्हणून लिहिलेली तांबी

दिवाळी अंकासाठी काही लिहाल का, असं संपादकांनी विचारलं आणि मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मला ओळखणाऱ्या कुणालाही इथेच शंका आली असती, कारण मी सहसा कशालाच पटकन हो म्हणत नाही. दूधवाल्याने दूध चांगलं आहे म्हटलं तरी आधी पातेल्यात बोट बुडवून बघते. या होकारामागे माझा एक स्वार्थ आहे. तो शेवटी सांगते.

मी आरोग्यसेविका, लोकांच्या भाषेत नर्सबाई. नोकरीतली बरीच वर्षं रोह्याकडच्या उपकेंद्रांवर गेली, कोलाड, खांब, निडीच्या आसपास. शेवटची काही वर्षं पेणला मिळाली. पेण माझं सासर, त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच राहिले. आमचं काम म्हणजे पिशवी खांद्याला लावायची आणि दारोदार फिरायचं. पोटुशी कोण, ताप कुणाला, खोकला किती दिवस, पुढचं मूल लांबवायचंय का. लोकांना वाटतं नर्सबाई म्हणजे सुई. सुई अर्धं काम. उरलेलं अर्धं विचारण्याचं, आणि त्यातलं निम्मं खोटं उत्तर ओळखण्याचं. "नवरा पितो का गो?" "नाय, कधीतरी." याचा अर्थ रोज. "गोळ्या घेतल्यास?" "व्हय, घेतल्या." याचा अर्थ पाकीट फळीवर तसंच आहे. असं इतकी वर्षं ऐकल्यावर माणसाचा स्वभाव माझ्यासारखाच होतो.

आता पोटातल्या गाठीविषयी. पोटात कडक गाठ लागली, माणूस वाळत चालला, अन्न नकोसं झालं की डॉक्टरच्या आधी शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात. कॅन्सर हा शब्दही कुणी उच्चारत नाही, नुसतं "ते" म्हणतात. बरेचदा ते तेच असतं. पण काही वेळा ती जंतूंनी केलेली गाठ असते. वर्षानुवर्षं मुरलेली, आजूबाजूच्या आतड्याला, अंडाशयाला चिकटलेली, दगडासारखी. फोटोत ती हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, आणि फोटो बघणाऱ्याची त्यात चूक नसते.

माझी पहिली अशी गाठ दामूची. कोलाडकडचा माणूस, रोह्याच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करायचा. उजव्या बाजूला पोटात गोळा आला. कुणीतरी "आतड्याचं ते आहे" म्हणून सांगितलं आणि दामूने जेवण सोडलं, सायकल भावाला देऊन टाकली, बायकोला माहेरी जाऊन राहायला सांगितलं. मी गेले तेव्हा तो पडवीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी विचारलं, "संध्याकाळचा ताप येतो का रे?" माहेरी न गेलेली बायको म्हणाली, "येतो ना. पण तो अंगमेहनतीचा." मला काही ते पटेना. मागे लागून त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. आतड्यातला तुकडा तपासला, तर क्षय निघाला. पोटाचा टीबी. महिनोन् महिने गोळ्या घेतल्या आणि दामू पुन्हा कामावर जायला लागला. सायकलीवरून मात्र दोघा भावांचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

दामूमुळे मी फुशारले. गावात "बाईंनी दामूला वरतून खाली आणला" असं बोललं जायचं आणि मला ते ऐकायला आवडायचं. त्या फुशारकीची किंमत चांगुणाने मोजली.

चांगुणा माझ्या सासरची, पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात काम केलेली बाई. तिच्याही पोटात गोळा आला. मुंबईला नेऊन तुकडा तपासायचा असं ठरलं, आणि ती भेदरून माझ्याकडे आली. मी तिच्या पोटावर हात फिरवला आणि म्हटलं, "घाबरू नको गो, टीबीच असंल." एवढंच बोलले. तपासणीला जाऊ नको असं काही मी म्हटलं नव्हतं. पण तिने ऐकलं ते एवढंच की नर्सबाई म्हणते टीबी आहे, म्हणजे घाई नाही. आधी भाताची कापणी उरकली, मग पुतणीचं लग्न उरकलं. तीन महिन्यांनी तुकडा तपासला तेव्हा तो कॅन्सर होता आणि हाताबाहेर गेलेला होता. शेवटी भेटायला गेले तर तिने मला विचारलं, "बाय, तुला कसा नाय समजला गो?" त्यानंतर मी कुणाच्याही पोटाविषयी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

ते माझ्याकडून पाळलं गेलं नाही, त्याची ही गोष्ट. तिचं नाव रुबिना. हे नाव बदललेलं आहे. "नाव बदला, बाकी सगला लिवा," असं तिनेच सांगितलं आहे.

निडीच्या पुढे आत एका गावात तिचं घर. नवरा मस्कतला, दोन वर्षांनी दोन महिने यायचा. घरात ती, सासू आणि तीन मुलं. सासूला सगळे चाची म्हणायचे. चाची करारी बाई. शेत तिच्या हातात, पैसाअडका तिच्या हातात. मी घरी गेले की मला बसायला पाट द्यायची, पण सुनेला माझ्याशी एकटीने बोलू द्यायची नाही, निदान मला तरी तसं वाटायचं. रुबिनाच्या तिसऱ्या बाळंतपणात इतका रक्तस्राव झाला की जीप रोह्याला पोचेपर्यंत ती राहते की जाते असं झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता लवकर मूल नको.

आमच्या उपकेंद्राचा तपासणीचा वार मंगळवार. एका मंगळवारी रुबिना एकटीच आली, डोक्यावरची ओढणी तोंडापर्यंत ओढून.

"बाई, तांबी बशवा. पन माजं नाव कुटं लिवायचं नाय."

तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा प्लास्टिकचा बारीकसा तुकडा, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. गर्भाशयात बसवायची, की दहा वर्षं निर्धास्त. दहा वर्षांनी मात्र काढलीच पाहिजे. म्हणून आम्ही बाईचं नाव रजिस्टरात लिहितो, बसवल्याची तारीख घालतो, तिला कार्ड देतो. मुदत संपत आली की जी कुणी नर्स तिथे असेल ती यादी बघून तिच्या दारात जाते.

"नाव लिहावंच लागतं गो," मी म्हटलं.

"तुमच्या रजिस्टरावर तुमची आशाताई बगते. ती माज्या शेजारची हाय. आज लिवलंत तर उद्या अम्मीच्या कानावर जाईल. त्यांना अजून एक नातू पायजे. लिवनार असाल तर मी जाते, परत नाय येनार."

अम्मी म्हणजे तिची सासू. मी रुबिनाकडे बघितलं. बाळंतपणाला वर्ष झालं होतं तरी पापण्या आतून पांढुरक्या होत्या. नवरा पुढच्या महिन्यात येणार होता. मी तांबी बसवली. कार्ड फाडून टाकलं. आणि रजिस्टरात, कारण प्रत्येक तांबीचा हिशोब वर द्यावा लागतो, एक ओळ लिहिली : "पाकीट फाटलेले आढळले. तांबी निकामी. टाकून दिली."

त्या ओळीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. एका बाईला मी वाचवलं आणि कागदाला फसवलं, असं वाटलं होतं. मी तिला तोंडी सांगितलं, "दहा वर्षांनी काढून घे. मी आहेच." पुढच्या वर्षी माझी पेणला बदली झाली.

निवृत्तीनंतर मी पेणमधल्या एका छोट्या दवाखान्यात आठवड्यातून तीन सकाळी बसते. तिथले सर्जन वयाने माझ्या मुलाएवढे. पेशंटची माहिती लिहून घेणं, कागद तारखेप्रमाणे लावणं, रडणाऱ्या नातेवाइकांना पाणी देणं, ही माझी कामं. गेल्या वर्षी एका सकाळी दोन बायका आल्या. एक म्हातारी, ताठ. दुसरी एवढी वाळलेली की खुर्चीत बसली तर खुर्चीच जास्त दिसत होती. रक्त कमी होतं, दोन बाटल्या चढवायच्या होत्या. पुढच्या सोमवारी मुंबईत ऑपरेशन ठरलं होतं. फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : डाव्या ओटीपोटात गाठ, आतडं आणि अंडाशय दोन्ही धरलेलं, कॅन्सरचा दाट संशय. गाठीबरोबर आतड्याचा भाग काढायचा आणि शौचाची वाट पोटावर काढून पिशवी लावायची, असं ठरलं होतं.

मी तिला ओळखलं नाही. तिने मला ओळखलं. माझ्याकडे बघून तिने चटकन मान फिरवली, आणि नेमका तिथेच मला संशय आला. आजारी माणूस ओळखीची नर्स बघून हसतं, निदान रडतं. ही मान का फिरवते?

नाव वाचलं, गाव वाचलं, शेजारची म्हातारी बघितली. चाची. चौदा वर्षं झाली होती. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले. पाळी, बाळंतपणं, ऑपरेशनं. मग आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "तांबी-बिंबी कधी?"

"नाय," रुबिना म्हणाली. चाची खिडकीतून बाहेर बघत होती.

मी फाईल उघडून बसले. मुंबईच्या कागदावर त्याच प्रश्नापुढे "नाही" लिहिलेलं होतं. मग सीटी स्कॅनचा रिपोर्ट काढला. सगळे शेवटचा ठळक परिच्छेद वाचतात, मी पहिल्या शब्दापासून वाचते. दुसऱ्या पानावर, मूत्राशयाच्या आणि हाडांच्या वर्णनामध्ये, एक ओळ होती : गर्भाशयात तांबी दिसते आहे. फोटो काढणाऱ्याने इमानदारीने लिहिलं होतं. एका कागदावर नाही, दुसऱ्यावर आहे, आणि दोन्ही एकाच फाईलमध्ये टाचणीने जोडलेले.

"चाची, खाली जाऊन चहा घेऊन या," मी म्हटलं.

"मना नको चाय," चाची म्हणाली आणि हलली नाही.

शेवटी रक्तदाब बघायच्या निमित्ताने रुबिनाला पडद्याआड नेलं. पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. दंड कसला, काडी होती नुसती. हळूच विचारलं, "काढली नाहीस ना ती?"

"कोन काडनार व्हता?" ती कुजबुजली. "तुमची बदली झाली. दुसरीकडं गेले तर नाव इचारतील. दर वर्षी मनात आनलं, आता जाऊया. मग दुकत नव्हती म्हनून इसरले."

"मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"अम्मी संगती व्हत्या. नाय म्हटलं. गाठीचा आनि तिचा काय संबंध, बाई?"

तो संबंध मला ठाऊक होता. प्रशिक्षणात एकदा एका डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता. आपल्या सगळ्यांच्या तोंडात, दातांच्या फटीत एक जंतू राहतो, ॲक्टिनोमायसीस नावाचा. तिथे तो बिचारा काही करत नाही. पण वर्षानुवर्षं राहून गेलेल्या तांबीवर कधी कधी, फार क्वचित, तो वस्ती करतो. हळूहळू पसरतो, आतडं म्हणत नाही, अंडाशय म्हणत नाही, कशाचीच हद्द मानत नाही. त्याची गाठ लाकडासारखी कडक होते. कॅन्सरही असाच वागतो, म्हणून फसायला होतं. खूण एकच, आतल्या पुवात गंधकाच्या रंगाचे पिवळे कण सापडतात. आणि औषध म्हणजे आपलं जुनं पेनिसिलिन, फक्त भरपूर आणि पुष्कळ दिवस.

हे सगळं डोक्यात आलं, आणि त्याच्या मागोमाग चांगुणा आली. कसा नाय समजला गो? मी आता तोंड उघडलं, ऑपरेशन पुढे गेलं, आणि तो खरंच कॅन्सर निघाला तर? गप्प राहिले तर सोमवारी तिचं आतडं कापलं जाईल, कदाचित उगाचच. आणि बोलले तर ती ओळही बाहेर येईल, माझ्याच अक्षरातली. खरं सांगायचं तर मला भीती वाटली ती आधी स्वतःची. पाच मिनिटं मी तो पट्टा तिच्या दंडाला तसाच ठेवून उभी होते.

"अम्मीला नका सांगू," रुबिना म्हणाली.

मी डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, निकामीची ओळसुद्धा. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले.

"बाई, तांबी आहे म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही. दोन्ही असू शकतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी तिला काही बोललेले नाही. एक शब्द नाही. तुम्हीच काय ते बघा."

त्यांनी मुंबईला फोन लावला. तिकडचे मोठे डॉक्टर चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. "थांबू या," म्हणाले, "आधी तांबी काढा, सुईने आतलं थोडं ओढून पाठवा." चाचीला एवढंच सांगितलं की एक तपासणी राहिली आहे. तांबी निघाली ती काळी पडलेली, चिकट. सुईतून दाट पू आला. डॉक्टरांनी तो काचेवर पसरून उजेडाकडे धरला आणि मला बोलावलं. राईहून बारीक असे चार-पाच पिवळे कण होते. मला रडू आलं, पण मी म्हटलं, "प्रयोगशाळेचा कागद येऊ दे." येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घरात कुणी हाक मारली तरी दचकत होते.

कागदाने ते कण त्याच जंतूचे असल्याचं सांगितलं. कॅन्सरच्या पेशी कुठे दिसल्या नव्हत्या. कित्येक आठवडे शिरेतून पेनिसिलिन, नंतर महिनोन् महिने गोळ्या. दर फोटोत गाठ लहान होत गेली. पोटाला पिशवी लागली नाही, आतडं जागच्या जागी राहिलं. घरी सांगितलं ते "पोटात जंतू व्हते" एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात.

पावसाळा संपता संपता चाची एकटीच दवाखान्यात आली. हातात सुकटीची पुडी. माझ्यासमोर बसली आणि सरळ म्हणाली, "बाई, मी दर मंगलवारी रोह्याला जायची, आठवतंय?"

"हो. बाजाराला."

"मंगलवारी रोह्यात असा काय मिलते, जे बुधवारी मिलत नाय?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुमचा वार मंगलवार," चाची म्हणाली. "मी घरात असली तर ती कशी येनार? त्या जीपमदी तिचा रगत मी माज्या लुगड्यानं पुसलेला. मना काय नातू पायजे व्हता? तो तिच्या मनाचा खेल. मी म्हटलं, करू दे तिला तिच्या हातानं, मी म्हटल्यावर केलं तर तिला वाटेल सासूनं लेकराचा रस्ता बंद केला."

"मग मुंबईला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"ती नाय म्हटली. मना वाटलं काडली असंल. चारचौघांत सुनेला खोटी पाडू?" तिने पुडी माझ्याकडे सरकवली. "तुमीच सांगायला पायजे व्हता मना, चौदा वर्षां आदी. तुमी माज्या घरात पाटावर बसायच्या नि माज्यावर संशय घ्यायच्या. मना समजायचा."

तिचं खरं होतं. इतकी वर्षं खोटी उत्तरं ओळखण्याचा मला केवढा गर्व. आणि त्या घरात जी एकटी बाई माझ्याच बाजूची होती, तिच्यापासून मी गोष्ट लपवली. मी चाचीची माफी मागितली. ती म्हणाली, "सुकट भाजून खा, कच्ची ठेवू नका," आणि उठली.

आता माझा स्वार्थ. निकामीची ती ओळ मी आयुष्यात एकदाच लिहिलेली नाही. चार वेळा लिहिली. पहिली रुबिना. दुसरी कोलाडची, तिची तांबी तिने केव्हाच काढून घेतली होती, मी विचारायला गेले तर माझ्यावरच हसली. तिसरी सापडली नागोठण्याला लेकीकडे, तिची मागच्या महिन्यात काढली, सगळं ठीक आहे. चौथी खांबच्या बाजूची. तिच्या घराला कुलूप आहे. शेजारी कुणी म्हणतं पनवेलला गेली, कुणी म्हणतं गुजरातला. रजिस्टरात तिचा पत्ता नाही, कारण रजिस्टरात तीच नाही.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहू नका असं तिने सांगितलं होतं आणि मी शब्द दिला होता. पण तिला वाचायची आवड होती, उपकेंद्रातली जुनी मासिकं ती मागून न्यायची. म्हणून हा लेख. बाय, तू त्या दिवशी हिरव्या बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या होत्यास, वाजू नयेत म्हणून. तुझी मुदत कधीच संपली आहे. कुठल्याही दवाखान्यात जा आणि काढून घे. सासूला सांगून जा, न सांगता जा, कशीही जा. कुणी विचारलं तांबी आहे का, तर हो म्हण.